बैलगाडीतली बाकीची पोरं

१९०१ सालचा उन्हाळा. मसूर स्टेशनवर साताऱ्याहून आलेल्या गाडीतून काही पोरं उतरली. एकदम नटूनथटून. विलायती पद्धतीचे शर्ट, चमचमत्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं, पायात नवे बूट. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर, तिथं दुष्काळी काम म्हणून तलाव खोदायचं चाललेलं, आणि पोरं सुट्टीत त्यांच्याकडे निघालेली. वडिलांना पत्र पाठवलं होतं पण ते त्यांच्या हातात पोचलंच नव्हतं, त्यामुळे घ्यायला कुणी नाही. स्टेशनमास्तरनं कपडे बघून आधी प्रेमानं विचारपूस केली, आणि मग कोणाची रे पोरं तुम्ही असं विचारल्यावर त्यातला एक नऊ-दहा वर्षांचा पोरगा पटकन बोलून गेला, आम्ही महार. मास्तर मागेच सरकला.

पुढचं बहुतेकांना माहीत असतं. एकही गाडीवान न्यायला तयार होईना, शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही अशा अटीवर की गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूनं चालणार. डब्यात जेवण होतं पण पाणी नाही. वाटेत नदीचं पाणी मिळालं ते पिण्यालायक नाही. रात्री टोलनाक्यावर पोचले, गाडीवानानं शिकवलं होतं तसं मुसलमान आहोत म्हणून सांगितलं, तरी नाकेवाल्यानं पाणी दिलं नाही. भरलेला डबा शेजारी ठेवून पोरं उपाशी झोपली.

हा पोरगा म्हणजे बाबासाहेब. हा प्रवास त्यांनी स्वतः लिहून ठेवलाय, आणि दर १४ एप्रिलला कुठल्या ना कुठल्या स्टेजवरून तो सांगितला जातो. सांगून झाला की शेवटी ठरलेलं वाक्य येतंच, याच अपमानाच्या आगीतून महामानव घडला. टाळ्या. मीही आजवर वाजवल्यात. पण हल्ली ते वाक्य आलं की मला गाडीतली बाकीची मंडळी आठवतात. थोरला भाऊ होता, बहिणीकडची भाचेकंपनी होती. तेच ऊन, तीच तहान, तोच स्टेशनमास्तर. त्यांच्यातून का नाही कुणी घडलं?

आणि त्या गाडीचंच कशाला. त्या दिवशी अख्ख्या देशात किती लाख पोरांना पाणी नाकारलं गेलं असेल. रोजच नाकारलं जात होतं, त्यात बातमी अशी काही नव्हतीच. अपमानानं आणि हालअपेष्टांनी माणसं घडत असती तर आपल्या देशात गल्लोगल्ली जागतिक दर्जाचे नेते निघायला हवे होते, कच्च्या मालाची टंचाई आपल्याकडे कधीच नव्हती. प्रत्यक्षात काय होतं, तर माणूस मोडतो. बहुतेक माणसं मोडतात. किंवा मोडत नाहीत पण आयुष्यभर मान खाली घालून जगायला शिकतात, आणि ते शिकवण्यासाठीच तर ती सगळी व्यवस्था उभी होती ना.

व्हॉट्सॲपवर जो स्ट्रगलचा माल फिरत असतो, अमका रस्त्याच्या दिव्याखाली शिकला, तमक्यानं पेपर टाकले, तो वाचला की माझं डोकं यासाठीच फिरतं. त्यात एक छुपा हिशोब असतो, की त्रास झाला म्हणून बरं झालं, नाहीतर हा माणूस घडला नसता. म्हणजे दिवा रस्त्यावर होता घरात नव्हता, हे जणू सरकारनं त्याच्यावर केलेले उपकारच.

मग भिवाच्या, म्हणजे लहानपणच्या बाबासाहेबांच्या, घरात वेगळं काय होतं? मला विचाराल तर सगळ्यात आधी रामजी. रामजी मालोजी सकपाळ, सैन्यात सुभेदार, मूळ गाव कोकणातलं, मंडणगडजवळचं आंबडवे. सैन्यातल्या शाळेत ते वर्षानुवर्षं मास्तर होते, नंतर हेडमास्तर. आणि इथं एक गोष्ट आपण नेहमी गाळतो, कारण ती कथेत नीट बसत नाही. कंपनी सरकारच्या आणि नंतरच्या ब्रिटिश सैन्यात शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचं होतं. मुलींनासुद्धा. म्हणजे ज्या काळात गावात महाराच्या पोराला शाळेच्या पायरीवर उभं करत नव्हते त्या काळात लष्करी छावणीत एक अख्खी पिढी लिहायला वाचायला शिकली होती, नोकरी, पगार, पेन्शन, वर्दी हे सगळं तिनं पाहिलं होतं, आणि मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी महारांची भरतीच बंद केली. हातात आलेलं काढून घेतलं. नुसती गरिबी आणि हातातून काढून घेतलेली संधी यात फरक असतो. पहिल्यात माणूस नशीब म्हणतो, दुसऱ्यात अर्ज करतो. रामजी अर्ज करणाऱ्यांतले होते.

त्यात घर कबीरपंथी. सकाळ-संध्याकाळ भजन, अभंग, दोहे, आणि पोरांनी त्याला बसायचंच, सुट्टी नाही. दारू-मटण बंद. इंग्रजीसाठी हॉवर्डची पुस्तकं आणि तर्खडकरांची भाषांतराची पुस्तकं, ती पाठ करून घ्यायची. वडील म्हणून रामजी काही फार गोड वगैरे नसावेत असं एकूण वाचून वाटतं, कडक असणार, लष्करी खाक्या. पण पोरगा शिकला पाहिजे हा त्या माणसाचा हट्ट जवळजवळ वेडाच्या पातळीवरचा होता. मुंबईला परळच्या डबक चाळीत एका खोलीत सगळं कुटुंब, तीच खोली स्वयंपाकाला, तीच झोपायला, तीच अभ्यासाला. पोराला लवकर झोपवायचं आणि रात्री दोनला उठवायचं, कारण तेव्हाच काय ती खोली शांत. म्हणजे दोनपर्यंत बाप जागा. पोरगा दोनला उठून अभ्यास करायचा ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, बाप दोनपर्यंत जागायचा ही आपण स्वतःला सांगत नाही.

आता आत्याच्या बटव्याची गोष्ट. ही मला सगळ्यात जास्त आवडते.

आई, भीमाबाई, भिवा पाच-सहा वर्षांचा असताना साताऱ्यातच गेली. चौदावं अपत्य हे, त्यातली जगली पाचच, तीन भाऊ दोन बहिणी. सांभाळलं आत्यानं, मीराबाईनं. पाठीला कुबड होतं तिच्या आणि या पोरावर जीव. पुढं रामजींनी दुसरं लग्न केलं, आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर दिसायला लागले, आणि भिवाचं डोकं सटकलं. बापाचं अन्न नको, आपण आपलं कमवायचं. साताऱ्यातली पोरं मुंबईच्या गिरणीत कामाला जात होतीच, तेवढंच त्याला माहीत. पण गाडीभाडं? म्हणून आत्याच्या कमरेचा बटवा मारायचा ठरवलं. ती शेजारी झोपायची, तरी काही रात्री प्रयत्न करूनही जमेना. शेवटी एका रात्री बटवा हाती लागला, उघडून बघतो तर आत अर्धा आणा! अर्ध्या आण्यात मुंबई काय, पुढचं स्टेशनही येत नाही. बाबासाहेबांनीच पुढं सांगितलंय की त्या रात्री लाजेनं त्यांचं मन बदललं, आता उनाडक्या बंद, अभ्यास करून लवकर स्वतःच्या पायावर उभं राहायचं.

समजा त्या बटव्यात पाच रुपये असते तर? मी हा विचार करून करून थकलोय. पोरगा पहाटेच्या गाडीनं मुंबईत, गिरणीत बदली कामगार, नंतर कधीतरी कायम, परळला खोली, खोकला. पुढं कुणी म्हणालं असतं का, अरेरे, याच्यातून भारताची राज्यघटना लिहिणारा माणूस निघणार होता? कुणाला कळलंच नसतं. गिरण्यांत तशी किती जण होती ते आपल्याला कळलेलंच नाही. म्हणून मला ही 'घडवणारी' कारणं शोधायचा धंदा जरा संशयास्पदच वाटतो. मधल्या मधे अर्धा आणा येऊन बसतो.

आमच्याकडे दर उन्हाळ्यात कुठल्यातरी लीडरशिप कॅम्पचं पत्रक गेटवर लावलेलं असतं. वयोगट सहा ते बारा. कॉन्फिडन्स बिल्डिंग, पब्लिक स्पीकिंग, शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट. ते बघितलं की मला नेल्सन मंडेला आठवतात, कारण त्यांचं ट्रेनिंग याच्या बरोब्बर उलटं झालं. वडील वारल्यावर कुनूतून आईनं पोराला चालत चालत म्खेकेझ्वेनीला नेलं, तिथं थेंबू लोकांचा कारभार बघणारे जोंगिंताबा दालिंद्येबो यांनी त्याला घरात ठेवून घेतलं. घरातली कामं करायची, त्यात पोराचं आवडतं काम म्हणजे जोंगिंताबांच्या पँटींना कडक इस्त्री मारणं. आणि तिथं सभा भरायच्या. लांबलांबून लोक यायचे, जो येईल तो बोलायचा, लहान-मोठा न बघता, कितीही वेळ, कारभाऱ्याच्या तोंडावर त्याच्यावरच टीका करायचे आणि तो माणूस अवाक्षर न बोलता ऐकत बसायचा. सगळ्यात शेवटी बोलायचा. एकमत नाही झालं तर पुन्हा सभा. एका कोपऱ्यात उभं राहून हे सगळं बघणारा तो पोरगा. कुणी त्याला स्टेजवर ढकललं नाही, माईक दिला नाही. पुढं सत्तावीस वर्षं तुरुंगात काढून बाहेर आल्यावर ज्यांनी आत टाकलं त्यांच्याशीच टेबलावर बसून बोलणी करायची, समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायचं, हे कुठून आलं याबद्दल त्यांनी स्वतः त्या सभांकडे बोट दाखवलंय. लहान मूल काय ऐकतं यापेक्षा मोठी माणसं ऐकताना कशी दिसतात हे ते जास्त बघत असावं. कॅम्पमध्ये हे शिकवायचं म्हणजे आधी पालकांना बसवायला लागेल, आणि पालक तर पोरांना सोडून मॉलला गेलेले असतात.

तर माझी थिअरी अशी की त्रास नव्हे, घर. घरातलं किंवा घरासारखं कुणीतरी मोठं माणूस. पण मग स्टालिन येऊन उभा राहतो. जॉर्जियातलं गोरी गाव, बाप चांभारकाम करणारा, दारुडा, मारकुटा. आई लोकांचे कपडे धुऊन, घरकाम करून पोराला शिकवतेय, पोरगा पाद्री व्हावा म्हणून चर्चच्या शाळेत घालतेय. तिचा हट्ट रामजींपेक्षा तसूभर कमी नाही. आणि जग बदललं का त्यानं? बदललं की. कसं बदललं ते वेगळं सांगायला नको. म्हणजे जिद्दी आई आणि बिकट बालपण ही रेसिपी दोन्हीकडे सेम, पदार्थ वेगळा. मी यावर उत्तर शोधत बसलो आणि मला धड काही सापडलं नाही. घरी दोन्ही वेळा कबीर ऐकणं आणि रोजचा मार खाणं यानं फरक पडला असेल असं म्हणावंसं वाटतं, पण मार खाल्लेली आणि तरी सज्जन निघालेली माणसंही मी ढिगानं बघितलीत. जाऊ दे. थिअरीला भोक आहे एवढं लक्षात ठेवू आणि पुढं जाऊ.

एक गोष्ट मात्र मला पक्की वाटते. गोरेगावचा तो प्रवास बाबासाहेबांनी लिहिला तो साधारण १९३५ च्या आसपास, म्हणजे तीसेक वर्षांनंतर. मधे एल्फिन्स्टन कॉलेज, न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन, महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद हे सगळं होऊन गेलंय. १९०१ साली तहानलेल्या पोराला ती तहान होती, भीती होती, आणि थोडं आश्चर्यही होतं, कारण शाळेत वेगळं गोणपाट, शिपायानं नळ सोडला तरच पाणी, न्हावी हात लावत नाही म्हणून बहिणी केस कापतात, हे सगळं रोजचंच होतं आणि रोजचं असलेलं मुलाला दिसत नाही. त्या प्रवासानं ते दिसायला लागलं असं ते म्हणतात. पण त्या अनुभवाचं काय करायचं, तो कुणासाठी लिहायचा, परदेशी वाचकाला अस्पृश्यता समजावायला नेमका हाच प्रसंग का घ्यायचा, हे सगळं चाळिशीतल्या बॅरिस्टरनं ठरवलंय. आपण म्हणतो बालपणानं माणूस घडवला. माझं म्हणणं निम्मं तरी उलटं आहे, मोठ्या झालेल्या माणसानं मागं जाऊन आपलं बालपण घडवलं, म्हणजे खोटं रचलं असं नव्हे, तर त्याला हत्यार बनवलं. त्यासाठी आधी शिकावं लागलं, आणि शिकायला पैसे लागतात.

तर पैसे. यावर कुणी भाषण करत नाही, म्हणून जरा सविस्तर.

रामजींची पेन्शन महिन्याला पन्नास रुपये. पोराला पुस्तकांचं वेड, अभ्यासाची सोडून बाकी सगळी. पैसे नसले की रामजी लग्न होऊन मुंबईत राहणाऱ्या धाकट्या लेकीकडे जायचे, तिच्याकडे दोन-चार रुपये नसले की थोरलीकडे, आणि तिच्याकडेही रोकड नसली की तिचा एखादा दागिना मागून घ्यायचा, गहाण टाकायचा, पुस्तक आणायचं, पेन्शन झाली की दागिना सोडवून परत द्यायचा. हे दर थोड्या दिवसांनी. आता त्या दोघींच्या सासरी काय बोललं जात असेल याची कल्पना करा. भावाच्या पुस्तकासाठी अंगावरचं काढून देणारी सून! आणि भाऊ आनंदराव, त्याचं शिक्षण थांबवून त्याला नोकरीला लावलं, कारण दोघांना शिकवणं परवडणारं नव्हतं. कुणीतरी एकच जाणार होता पुढं. घरानं ठरवलं कोण जाणार. आनंदरावाला विचारलं असेल का, तो कधी काही बोलला असेल का? त्याचं आत्मचरित्र नाही. मोठ्या माणसाच्या बालपणाबद्दल लिहिताना त्याच्याबरोबर वाढलेली आणि त्याच्यासाठी थांबलेली माणसं आपण एका ओळीत उरकतो, मीही या लेखात काही फार वेगळं केलेलं नाही म्हणा.

घराबाहेरचं माणूस म्हणजे कृष्णाजी अर्जुन केळुसकर. विल्सन हायस्कूलमधले मास्तर, लेखक, आणि रोज संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारे. तिथंच हा पोरगाही पुस्तक घेऊन बसलेला असायचा. विचारपूस झाली, ओळख झाली. एका शिक्षकानं बागेत परक्या पोराला तू काय वाचतोस रे असं विचारलं, बस एवढंच. आणि हे नुसतं कौतुकापुरतं राहिलं नाही. १९०७ ची मॅट्रिक पास झाल्यावर समाजातल्या लोकांनी सत्कार करायचं ठरवलं तर रामजी तयार होईनात. म्हणाले, परीक्षाच तर पास झालाय, सत्कार केलात तर पोराच्या डोक्यात हवा जाईल. आजच्या बापाला हे वाचून चक्कर येईल, आपल्याकडे सीनियर केजीच्या पोराचा फ्लेक्स लागतो. शेवटी केळुसकरांनी मध्यस्थी केली, सत्कार झाला, आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं मराठी चरित्र पोराच्या हातात ठेवलं. १९५६ ला नागपूरला जे झालं त्याचं एक टोक तिथपर्यंत जातं.

पुढं कॉलेजला पैसे संपले तेव्हा याच केळुसकरांनी त्याला सयाजीराव गायकवाडांपुढं उभं केलं. महिना पंचवीस रुपये शिष्यवृत्ती. नंतर १९१३ ला अमेरिकेची. आणि सयाजीराव स्वतः कोण? नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा गोपाळ, शेतकऱ्याचं पोर. बडोद्याच्या गादीला दत्तक हवा होता म्हणून नात्यातली तीन मुलं बघायला नेली. कशाला आलायस विचारल्यावर दुसरी दोघं गोंधळली आणि हा म्हणाला राज्य करायला आलोय, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट नंतर रंगवलेली असेल नसेल, १८७५ साली बारा वर्षांचं पोर दत्तक गेलं आणि त्याला तोवर लिहिता-वाचता येत नव्हतं हे मात्र खरं. त्यानंतर इलियट नावाच्या मास्तरनं त्याच्यावर वर्षानुवर्षं मेहनत घेतली. अक्षरओळख बाराव्या वर्षानंतर झालेल्या या माणसानं १९०६ ला आपल्या सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, जेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात त्याचा पत्ता नव्हता. दुसऱ्याच्या पोरावर पैसे खर्च करायची बुद्धी त्याला कुठून झाली हे त्याच्या बारा ते अठरा वर्षांत शोधावं, कवळाण्याच्या शेतात नाही, असं आपलं माझं मत.

रामजी फेब्रुवारी १९१३ ला गेले. पोरगा जुलैत न्यूयॉर्कला पोचला. म्हणजे ज्या माणसानं दोन-दोन वाजेपर्यंत जागून हे सगळं केलं त्यानं त्यातलं काहीच बघितलं नाही. बीए झालेला पोरगा बघितला तेवढाच.

आणि परत आल्यावर, वकिली सुरू झाल्यावर, बाबासाहेबांनी जी पहिली संस्था काढली ती १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा. तिची सुरुवातीची कामं बघितली तर मजा वाटते. मोर्चे, आंदोलनं नंतरची. आधी काय, तर १९२५ मध्ये सोलापूरला एक वसतिगृह. खेड्यातून हायस्कूलला आलेल्या पोरांना राहायला, जेवायला, आणि रात्री अभ्यासाला जागा.